एक कळ, दोन यंत्रं

मी एक जुनी कळ आहे, मित्रांनो. पोटात उठते ती नव्हे, आणि दोघांत भांडण लावून देतात ती तर मुळीच नव्हे. कळफलकाच्या डाव्या काठाला, वरून जरा खाली, शेजारणींपेक्षा अंगाने थोडी रुंद अशी जी असते ती मी. मला टॅब म्हणतात. माझ्या पाठीवरची अक्षरं केव्हाच झिजून गेली आहेत. नवखा माणूस मला ओळखत नाही आणि जुन्याला माझ्याकडे बघावं लागत नाही, म्हणून माझं काही अडलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी चांगली गरम होते. पोटाखाली स्प्रिंग बसली, कळफलकावर जागा मिळाली आणि तपासणाऱ्या बाईंनी मला बोटाने दाबून पाहिलं. "कटक" असा माझा आवाज आला. बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या कळीकडे वळल्या. आयुष्यातली माझी पहिली शाबासकी ती. माझ्या खालच्या मजल्यावर कॅप्स लॉक राहते. चुकून तिला धक्का लागला की ती सगळंच्या सगळं ओरडून लिहिते. पलीकडच्या टोकाला एंटर असते. हुकूम सोडायचा मान तिचा, त्यामुळे तिचा तोरा काही विचारू नका.

आमचा कळफलक एका लहानशा रेडिओ केंद्रात आला. खोली अरुंद होती. भिंतींना आवाज शोषून घेणारं जाड अस्तर लावलं होतं आणि समोर भलीमोठी काच होती. काचेपलीकडे निवेदक ध्वनिक्षेपकापुढे बसत आणि अलीकडे, माझ्यासमोर, ताई. गाणी, बातम्या, मुलाखती असं जे जे आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं असे, ते ठरल्या क्षणी वाजवायचं हे ताईंचं काम. त्या इतक्या वक्तशीर होत्या की सगळं केंद्र त्यांना घड्याळताई म्हणे.

आता माझं काम नीट ऐका, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. आमच्या केंद्रातल्या यंत्राला हुकूम द्यायचा तो चित्रांवर टिचक्या मारून नव्हे, तर काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून. ती अक्षरं वाचून यंत्राला समजावून देणारा एक आतला गडी असतो. जाणकार त्याला शेल म्हणतात. मी त्याला कारभारी म्हणते. ध्वनिमुद्रणांची नावं ही लांबलचक. सगळं नाव कोण टाइप करत बसणार? म्हणून नावाची सुरुवात टाइप करायची आणि मला दाबायचं, की उरलेलं नाव कारभारी स्वतः भरतो. बोटांचे कष्ट वाचतात आणि नाव चुकतही नाही.

जुन्या यंत्राचा कारभारी मोठा सभ्य होता. त्या अक्षरांनी सुरू होणारं एकच नाव असेल तर तो ते निमूटपणे पूर्ण करी. अनेक असतील तर सगळ्यांत जेवढं सारखं आहे तेवढंच भरी, थांबे आणि "टुक" असा आवाज करी. म्हणजे, "ताई, अशी बरीच आहेत बरं का, कोणतं हवं ते सांगा." मग ताई आणखी एक अक्षर टाइप करत आणि मला पुन्हा दाबत.

हे सगळं ताई पडद्याकडे न बघता करत. त्यांचे डोळे काचेपलीकडे निवेदकांच्या हातावर असत, कारण तो हात खाली आला की त्याच क्षणी गाणं सुरू व्हायला हवं. त्यामुळे पडद्याचं काम त्या कानांनी करत. टुक झालं की अजून एक अक्षर. टुक नाही झालं की नाव पक्कं, चल एंटर. वर्षानुवर्षं आमचं हे असं चाललं होतं आणि एकदाही गफलत झाली नव्हती. "आपल्या केंद्रातलं घड्याळ बिघडलं तरी चालेल," निवेदक म्हणायचे, "घड्याळताई बिघडता कामा नयेत." अशा वेळी मला आपलं उगीचच वाटायचं की त्यातली थोडी स्तुती माझीही आहे.

मग नवं यंत्र आलं.

यंत्रांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे वायरमामा म्हणत, कारण त्यांच्या खिशातून नेहमी एखादी वायर लोंबत असे. त्यांनी ते यंत्र बसवलं. जुनं थकलं होतं, तरी लगेच काढायचं नव्हतं. म्हणून त्यांनी टेबलावर एक छोटी डबी ठेवली. तिचं बटण दाबलं की आमचा कळफलक जुन्या यंत्राशी बोले, पुन्हा दाबलं की नव्याशी. सवय व्हावी म्हणून अधूनमधून दुपारचे नाहीतर संध्याकाळचे कार्यक्रम नव्यावरून लावायचे असं ठरलं.

"ताई, सगळं तसंच आहे," वायरमामा म्हणाले. "काळा पडदा तोच, नावं तीच, हुकूमही तेच. नवीन काही शिकायचं नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. पण आतला कारभारी बदलला होता, हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. हा नवा फार उतावळा. एका सुरुवातीची अनेक नावं असली तरी हा थांबून विचारायचा नाही. वर्णक्रमाने जे पहिलं नाव सापडेल ते पुरतं भरून मोकळा व्हायचा, तेही चिडीचूप. पुन्हा दाबलं तर ते पुसून दुसरं नाव भरी. आणखी दाबलं तर तिसरं. एकाला विचारायची सवय, दुसऱ्याला उरकायची. आणि दोघांच्या मध्ये मी, तीच कळ, तोच "कटक". मला कंठ असता तर मी ओरडले असते, मित्रांनो. पण कळीला कुठला कंठ?

सुरुवातीला फारसं बिघडलं नाही. कधी हवं तेच नाव नेमकं पहिलं असे, कधी ताईंनी टाइप केलेल्या अक्षरांचं एकच नाव असे. मग सगळं सुरळीत. पण एका दुपारी एका गायनशिक्षकांना श्रद्धांजली वाहायची होती. गावातल्या कितीतरी लोकांना त्यांनी गाणं शिकवलं होतं. काचेपलीकडे निवेदकांशेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. निवेदकांनी गंभीर आवाजात चार शब्द सांगितले आणि हात खाली केला. ताईंनी "दुपार" एवढं टाइप केलं, मला दाबलं, कान दिला. टुक झालं नाही. एंटर.

"दुपार-श्रद्धांजली" वाजायला हवं होतं. वाजलं "दुपार-कोंबडा". बालगीत होतं ते, एका आळशी कोंबड्याचं. साऱ्या गावाने शोकाच्या जागी कुकूचकू ऐकलं.

ताईंनी धडपडत ते थांबवलं आणि बरोबर ध्वनिमुद्रण लावलं, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कार्यक्रम संपल्यावर गुरुजींच्या पत्नी स्वतः काचेअलीकडे आल्या. ताईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, चालायचंच. त्यांना तर हसूच आवरलं नसतं." त्या मोठ्या मनाच्या बाई. पण ताईंना त्या दिवशी चहाही गेला नाही.

त्यानंतर ताई धास्तावल्या. आता त्या मधूनच पडद्याकडे बघू लागल्या आणि त्यातून आणखी मोठं संकट ओढवलं. एका संध्याकाळी त्यांनी "संध्याकाळ" टाइप करून मला दाबलं आणि वर पाहिलं. पडद्यावर होतं "संध्याकाळ-बातम्या". अगदी बरोबर. खात्री करावी म्हणून त्यांनी मला पुन्हा हलकेच दाबलं. जुन्या यंत्रावर पूर्ण झालेल्या नावाला त्याने काही फरक पडत नसे. इथे मात्र डोळ्यांदेखत "बातम्या" जाऊन "हवामान" आलं. ताईंनी डोळे चोळले. आधी खरंच बातम्या होतं, की आपल्याला तसं वाटलं? "ब" आपण टाइप केला होता की नव्हता? त्यांना काही म्हणता काही आठवेना.

ताई रात्रपाळीच्या माणसाची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी बहिणीला फोन लावला. बोलता बोलता त्यांचं बोट माझ्यावरच विसावलं होतं.

"अगं, आईचंही असंच सुरू झालं होतं ना? आधी चहात मीठ. मग दाराला कुलूप लावलं की नाही. आणि शेवटी मला विचारायला लागली, 'बाई, तू कोणाची गं?' ... नाही गं, रडत नाहीये. पण मला भीती वाटते. मी पडद्यावर एक वाचते आणि पुढच्या क्षणी तिथं दुसरंच असतं."

मित्रांनो, खरं सांगते, त्या क्षणी मला माझी लाज वाटली नाही, कारण चूक माझी नव्हती. मला राग आला. ज्या बाईंचं डोकं लखलखीत होतं त्या स्वतःच्याच डोक्याला घाबरत होत्या आणि सारं केंद्र त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघत होतं. "वय झालं हो," असं कुजबुजून झालं. "घरी काही टेन्शन असेल," असंही झालं. पण एकानेही येऊन माझ्यावर बोट ठेवून पाहिलं नाही.

शेवटी ताईंनी केंद्रप्रमुख बाईंना आमच्या खोलीत बोलावून घेतलं. "मॅडम, शनिवारचा फर्माईशीचा कार्यक्रम करते," त्या म्हणाल्या, "आणि मग ही खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी द्या. अजून काही भलतंसलतं वाजण्याआधी मी आपण होऊन उठलेलं बरं."

मॅडमना वाईट वाटलं, पण त्यांनी फारसा आग्रह केला नाही. तेच ताईंना जास्त लागलं.

पुढे जे झालं त्याचं थोडं श्रेय मी घेणार आहे, तुम्ही हसलात तरी चालेल. ताईंना फोनवर बोलताना बिस्किटं खायची सवय होती आणि एवढ्यात फोन फार झाले होते. शुक्रवारी दुपारी एक चांगला जाडजूड चुरा माझ्याखाली शिरला आणि मी अडकले. दाबली की वर येईना. काचेपलीकडे मुलाखत चालली होती, ताईंना वेळ होता. त्यांनी मला नखाने अलगद उचकटून बाहेर काढलं, कापसाच्या काडीने पुसलं, खालचा चुरा झटकला आणि परत जागेवर बसवलं. मग मी नीट चालते का हे बघायला त्यांनी "दुपार" टाइप केलं आणि मला दाबलं.

आवाज नाही.

"अगंबाई! पुसता पुसता मोडली की काय ही?"

त्यांनी डबीचं बटण दाबलं. जुनं यंत्र. दुपार, मी, टुक! पुन्हा डबी. नवं यंत्र. दुपार, मी, काहीच नाही. "एकीकडे चालते आणि एकीकडे चालत नाही, अशी कशी मोडेल?" ताई पुटपुटल्या. आणि तेव्हा कितीतरी दिवसांत पहिल्यांदा असं झालं की काचेपलीकडच्या कोणाच्याही हाताकडे त्यांना बघायचं नव्हतं. त्या पडद्याकडे टक लावून बघत मला दाबू लागल्या. कोंबडा. बातम्या. श्रद्धांजली. हवामान. आणि फिरून कोंबडा!

ताई खुर्चीतून अशा उठल्या की खुर्ची मागच्या भिंतीवर जाऊन आपटली. मुलाखत संपवून निवेदक चहाचा कप हातात घेऊन दारातून जात होते. ताईंनी त्यांना बाही धरून आत ओढलं.

"अहो, इथं बसा. हे टाइप करा. आता ही दाबा."

"काय झालं काय?"

"आधी दाबा तर!"

निवेदकांनी दाबलं. कोंबडा.

"आता परत दाबा."

"बातम्या. अरेच्चा! मी तर काहीच टाइप केलं नाही."

"आता जुन्यावर दाबा."

टुक.

ताईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. "तुमच्या बोटानंही तेच होतंय," त्या म्हणाल्या. "अहो, तुमच्या बोटानंही तेच होतंय!"

निवेदकांना हळूहळू उमगलं. ते एरवी गडगडाटी आवाजात बोलत, आता मात्र हळूच म्हणाले, "म्हणजे ताई, एकतर आपण दोघंही विसराळू झालो, नाहीतर कोणीच झालं नाही." ताई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. मला जर काही मागता आलं असतं, तर त्या क्षणाहून मोठं काही मी मागितलं नसतं.

वायरमामांना बोलावणं गेलं. त्यांनी दोन्हीकडे मला दाबून पाहिलं आणि मान खाली घातली. "दोघांपैकी कोणी चूक नाही, ताई. यांचे स्वभावच वेगळे. कोणाला असा आवडतो, कोणाला तसा. मी नव्यावर काम करताना बघत बघत दाबतो, त्यामुळे मला कधी खटकलंच नाही. तुम्ही ऐकत दाबता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी तुमच्या शेजारी बसून बघायला हवं होतं."

"आता बघितलंत ना? झालं तर मग."

"दोघांना सारखं करून देतो. फक्त शेलच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहायची. बोला, जुन्याला नव्यासारखं करू, की नव्याला जुन्यासारखं?"

"नव्याला जुन्यासारखं," ताई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "मला विचारणारा हवा. उरकणारा नको."

वायरमामांनी ती ओळ लिहिली. ताईंनी नव्या यंत्रावर मला दाबलं. टुक! तो आवाज काही सुरेल नव्हता, पण ताईंनी तो पुन्हा पुन्हा वाजवून घेतला. निवेदकांनी शेवटी कानांवर हात ठेवले.

आणि मग शनिवार उजाडला. फर्माईशीचा कार्यक्रम म्हणजे केंद्राची शान. श्रोते फोन करून गाणी मागतात, निवेदक त्यांच्याशी गप्पा मारतात आणि गप्पा संपतात न संपतात तोच गाणं सुरू व्हायला हवं. त्या कार्यक्रमाच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांची नावं "फर्माईश"नेच सुरू होतात, तेव्हा माझी किती धावपळ होते याची कल्पना करा. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. ताईंना निरोप द्यायचा तर नीट द्यावा असं त्यांच्या मनात होतं. शुक्रवारची हकिगत अजून त्यांच्या कानावर गेली नव्हती.

पहिली गाणी जुन्या यंत्रावरून झकास वाजली. मग एक गाणं संपलं, निवेदक पुढच्या श्रोत्याशी बोलू लागले आणि तेवढ्यात जुन्या यंत्राने एक लांब उसासा टाकला. पंखा थांबला. पडदा मिटला. तो सभ्य कारभारी कोणालाही न दुखावता, दोन गाण्यांच्या मधली फट बघून, गेला. मला हुंदका आला असता, पण मित्रांनो, वेळ कुठे होता?

"आता हो?" मागून मॅडमचा आवाज आला.

काचेपलीकडे निवेदकांनी ताईंकडे पाहिलं, ओळखलं, आणि जो हात खाली यायचा तो तसाच वर ठेवून श्रोत्याला विचारलं, "बरं, तुमच्याकडे ऊन कसं आहे आज?" श्रोता बिचारा उन्हाबद्दल सांगू लागला. ताईंनी डबीचं बटण दाबलं. नवं यंत्र. डोळे काचेवर, बोटं आमच्यावर, कान उघडे.

"फर्माईश", मी. टुक.

"न", मी. कारभाऱ्याने "ना" भरलं. टुक. "नाच" आणि "नाव" अशी दोन गाणी होती, आणि श्रोत्याला नदीतल्या नावेचं गाणं हवं होतं. नव्याचा आधीचा उतावळा स्वभाव असता तर त्याने नाचायलाच लावलं असतं. पण आता तो थांबला होता, विचारत होता.

"व", मी. शांतता.

ती शांतता खरी होती. ताईंनी काचेपलीकडे मान हलवली, निवेदकांचा हात खाली आला, एंटरने हुकूम सोडला आणि नदीवरचं गाणं वाजू लागलं. गावातल्या एकाही माणसाला कळलं नाही की मधे एक यंत्र गेलं. पुढचं गाणं, त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं, एकही चुकलं नाही. ताईंची बोटं अशी चालत होती की आम्हा कळींना वाटावं आज आपलीच मिरवणूक आहे. निवेदकांनी कार्यक्रम संपवताना सांगितलं, "आणि ही सगळी गाणी तुमच्यापर्यंत पोचवली काचेपलीकडच्या आमच्या घड्याळताईंनी." ताईंचा उल्लेख त्या दिवशी पहिल्यांदा रेडिओवर झाला.

मॅडमना मग सगळी हकिगत कळली. त्यांनी स्वतः वाकून मला दाबून पाहिलं, "टुक" ऐकलं आणि ओशाळून म्हणाल्या, "ताई, ते खुर्चीचं काय म्हणत होतात तुम्ही?"

"खुर्चीचं ना?" ताई आरामात मागे रेलल्या. "हिचं एक चाक कुरकुरतंय. तेवढं बदलून द्या."

मग त्यांनी बहिणीला फोन लावला. तिने "हॅलो" म्हणायच्या आत ताई म्हणाल्या, "ऐक. माझं डोकं शाबूत आहे. एकदम शाबूत!" आणि इतक्या मोठ्याने हसल्या की काचेपलीकडून निवेदकांनी ओठांवर बोट ठेवलं, कारण बातम्या सुरू झाल्या होत्या.

मित्रांनो, मी अजून त्याच जागी आहे. म्हातारी झाले आहे, दाबल्यावर जरा दमाने वर येते, पण अजून येते. तुम्ही मला पुसून स्वच्छ ठेवलंत तर बरं वाटेल, आणि माझ्या अंगावर बिस्किटं खाल्ली नाहीत तर त्याहून बरं. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरी आई, आजोबा, मावशी कोणीतरी एखाद्या यंत्रापुढे गोंधळून म्हणेल, "हे मघाशी असं नव्हतं." तेव्हा हसू नका, आणि "तुला नाही जमत" तर मुळीच म्हणू नका. त्यांच्या शेजारी बसा, आणि ती कळ आधी तुम्ही स्वतः दाबून बघा.